निळ्या बटणांचा बाजार

त्या शनिवारी चिमीला फक्त कपडे धुवायचे होते. अर्थशास्त्रात क्रांती वगैरे घडवण्याचा तिचा अजिबात विचार नव्हता. पण माणूस परदेशात जाऊन डॉक्टरेट करायला लागला की त्याला साधं म्हणून काही करताच येत नाही. भाजी घ्यायला गेला तर मागणीचा आलेख दिसतो, बसची वाट बघत उभा राहिला तर रांगेचं गणित सुचतं, आणि कपड्यांची पिशवी घेऊन तळघरात उतरला तर काय होतं, त्याचीच ही हकिकत.

चिमी हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं लांबलचक आणि जोडाक्षरांनी ठासून भरलेलं होतं. विद्यापीठात पहिल्या दिवशी कचेरीतल्या बाईंनी ते उच्चारून बघितलं, पुन्हा बघितलं, मग हात टेकले आणि विचारलं, "घरी काय म्हणतात तुम्हाला?" चिमी प्रवासाने शिणलेली होती, बेसावध होती. तिने खरं सांगितलं. तेव्हापासून ग्रंथालयाच्या कार्डावर, विद्यावेतनाच्या कागदावर आणि अर्थशास्त्र विभागातल्या तिच्या खोलीच्या दारावर 'चिमी' एवढंच लागलं. तिशी ओलांडलेली, दारातून आत शिरताना किंचित वाकावं लागणारी ही बाई चर्चासत्रात उभी राहायची, आणि अध्यक्ष अत्यंत गंभीर चेहऱ्याने जाहीर करायचे, "आता चिमी आपल्याला दुर्मिळ साधनांच्या वाटपाबद्दल सांगतील."

दुर्मिळ साधन सध्या तिच्याकडे एकच होतं, ते म्हणजे वेळ. तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरणसुद्धा हातात नव्हतं. तिने आधी धान्याच्या गोदामांचा विषय घेतला होता. एका दूरच्या कचेरीने आकडे द्यायचं कबूलही केलं होतं. पण आकडे ज्या खोलीत होते त्या खोलीची किल्ली ज्या साहेबांकडे होती ते साहेब निवृत्त झाले, आणि किल्लीही त्यांच्याबरोबर निवृत्त झाली. पत्रांमागून पत्रं गेली. 'आपले पत्र पोचले' एवढंच दरवेळी छापील उत्तर आलं.

"सत्र संपायच्या आत अभ्यास-समितीपुढे काहीतरी मांडावं लागेल," तिच्या गाईडबाई म्हणाल्या. "नाहीतर ते तुला मधली पदवी देतील आणि सन्मानाने घरी पाठवतील."

गाईडबाई बोलायला कोरड्या. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याचं विभागात कुणी ऐकलं नव्हतं. पण चिमीने लिहिलेलं प्रत्येक पान त्या स्वल्पविरामासकट वाचायच्या. पहिल्या वर्षी चिमी गणिताच्या परीक्षेत आपटली, तेव्हा सुट्टीभर रोज सकाळी बोलावून त्यांनी तिच्याकडून गणितं करून घेतली होती, आणि वर "मला तशीही सुट्टी आवडत नाही" असं सांगितलं होतं. अशा बाईंपुढे रिकाम्या हाताने जाणं चिमीला मधल्या पदवीपेक्षाही जड वाटत होतं.

तर, शनिवार. चिमी राहायची ती विद्यापीठाची जुनी इमारत, संसारी विद्यार्थ्यांसाठी आणि नुसत्याच वय झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. अख्ख्या इमारतीला मिळून तळघरात कपडे धुवायची तीन यंत्रं. त्यातलं एक कायम बंद, त्यामुळे त्यावर पिशव्या ठेवायची सोय. चिमी खाली उतरली तेव्हा उरलेल्या दोनांवरून युद्ध पेटलेलं होतं. एका बाजूला जुळ्यांचे बाबा, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर राहणारे इतिहासाचे संशोधक. त्यांच्या पाठीवर एक मूल, पोटाशी एक मूल आणि हातात बादली. दुसऱ्या बाजूला संगीत शिकणारी व्हायोलिनवाली. तिचे ओले कपडे कुणीतरी यंत्रातून उपसून बंद यंत्रावर टाकले होते आणि तिचा काळा कार्यक्रमाचा ड्रेस जमिनीला टेकला होता.

"मुलांचे कपडे थांबत नाहीत!" बाबा म्हणाले.

"माझा कार्यक्रमही थांबत नाही!" व्हायोलिनवाली म्हणाली.

मधे चिमी उभी. आणि तिथे, साबणाच्या वासात, तिला साक्षात्कार झाला. यंत्रं कमी, माणसं जास्त, आणि शनिवार सकाळला किंमत नाही! किंमत नाही म्हणून भांडण. किंमत लावा, भांडण मिटेल. शिवाय आकडे मिळतील, आपल्याच तळघरात, किल्ली न मागता. कपडे न धुताच ती वर पळाली.

योजना सोपी होती. सगळ्याच योजना कागदावर असेपर्यंत सोप्या असतात. प्रत्येक बिऱ्हाडाला दर सोमवारी सारखे बिल्ले द्यायचे. आठवड्यातल्या प्रत्येक पाळीला बिल्ल्यांत किंमत. गर्दीच्या पाळीला जास्त, मंगळवार दुपारसारख्या अनाथ पाळीला कमी. बिल्ले टाका, पाळी घ्या. बिल्ले आपसांत बदला, साठवा, काहीही करा. चिमी फक्त बघणार आणि लिहून ठेवणार.

गाईडबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यात माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "नीतिसमितीची परवानगी लागेल."

माणसांवर प्रयोग करायचा तर विद्यापीठाची एक समिती तपासते, की प्रयोगाने कुणाला इजा होणार नाही ना. चिमीने लिहून दिलं की कपडे धुण्याने इजा होत नाही. समितीने विचारलं, कपडे न धुतले गेल्यास होणाऱ्या मानसिक क्लेशाचं काय? चिमीने लिहिलं, तो क्लेश सध्याही होतोच आहे. समितीने विचारलं, सध्याचा क्लेश मोजला आहे का? मग चिमी दारोदार फिरून लोकांचा क्लेश मोजत बसली. 'शून्य ते दहा, किती त्रास होतो?' जुळ्यांच्या बाबांनी "चौदा" सांगितलं. ते समितीला चालेना. पुन्हा जाऊन "दहा" सांगण्याची विनंती करावी लागली.

इमारतीच्या मॅनेजरबाई ही त्यानंतरची पायरी. त्यांचं म्हणणं, यंत्रं विद्यापीठाची, तळघर इमारतीचं आणि भिंत अग्निशमन विभागाची. तेव्हा किमतीचा फळा लावायचा तर तो भिंतीला न टेकता लावा. हे कसं करायचं ते चिमीला तीन वर्षांच्या प्रगत गणितानंतरही उमजलं नाही. शेवटी व्हायोलिनवालीने आपला नोटेशन ठेवायचा स्टँड दिला. फळा त्यावर बसला. "मला दुसरा आहे," ती म्हणाली. तिला दुसरा नव्हता, हे चिमीला फार उशिरा कळलं.

आता बिल्ले. कागदाचे केले असते तर कुणीही छापले असते, आणि चिमीला खोट्या चलनाची फार धास्ती. तिला एका जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानात मोठा डबाभर बटणं मिळाली. गडद निळी, चार भोकांची, जाडजूड. अशी आता कुठे मिळत नाहीत, असं दुकानदार म्हणाला. चिमी खूश. डबा घरी आणून तिने टेबलावर ठेवला.

आणि इथेच आईचा प्रवेश होतो. म्हणजे आई महिनाभर आधीच तिच्याकडे राहायला आली होती, पण आतापर्यंतच्या हकिकतीत तिला काही काम नव्हतं. आईची तक्रारही तीच होती. जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेली बाई. हात रिकामे राहिले की तिला ताप आल्यासारखं वाटे. चिमीचे सगळे पडदे तिने पहिल्या आठवड्यात खाली-वर करून टाकले होते. त्यानंतर ती खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या शिवणी तपासायची.

"अगं बाई, काय सुरेख बटणं!" आईने डब्यात हात घातला.

"आई, हात लावू नकोस. ती बटणं नाहीत, चलन आहे. पैसे समज."

"हो का? छान हो," आई म्हणाली. चिमी पाच वर्षांची असताना चादरीच्या तंबूला राजवाडा म्हणायची, तेव्हाही आई हेच म्हणायची.

पहिला आठवडा झोकात गेला. बिऱ्हाडं रांगेत येऊन बटणं घेऊन गेली. शनिवार सकाळची किंमत सरसर चढली, मंगळवार दुपार खाली आली आणि चिमीचे आलेख पुस्तकात असतात तसे वळले. शेजाऱ्यांचे सल्लेही सुरू झाले. कुणी म्हणालं, ज्यांना मुलं त्यांना जास्त बटणं द्या. कुणी म्हणालं, मुलं आमच्या सांगण्यावरून झाली का? जुळ्यांच्या बाबांनी बोळात गाठून सांगितलं, की इतिहासात अशा प्रत्येक व्यवस्थेचा शेवट बंडात झालेला आहे. "मी करीन असं नाही," ते म्हणाले, "पण माहीत असावं म्हणून सांगितलं." व्हायोलिनवालीने तर पाळीच्या बदल्यात व्हायोलिन न वाजवण्याची हमी विकायला काढली. तिच्या खालच्या बिऱ्हाडाने ती आनंदाने विकत घेतली. चिमीने हे सगळं टिपून ठेवलं.

मग बटणं कमी व्हायला लागली.

सोमवारी वाटलेली बटणं पाळ्यांच्या बदल्यात आठवड्याअखेर बहुतेक परत यायला हवीत. दर आठवड्याला परत येणारी बटणं रोडावत गेली, आणि घरच्या डब्याचाही तळ दिसायला लागला. शनिवार सकाळ एका बटणावर आली, तरी घ्यायला कुणाकडे बटण नाही. भांडणं दुप्पट. पूर्वी लोक नुसते "माझा नंबर" म्हणून भांडत. आता भांडायला आकडेही मिळाले होते.

चिमीने हे शास्त्रशुद्ध पद्धतीने घेतलं. तिने निष्कर्ष काढला की लोक भविष्याच्या भीतीने साठेबाजी करत आहेत. पानंच्या पानं लिहिली, सूत्र मांडलं, सूत्राला दोन उपसूत्रं जोडली. गाईडबाईंनी वाचून "हं" केलं. त्यांच्या "हं"चे अनेक प्रकार होते आणि हा बराच वरच्या दर्जाचा होता. चिमी दिवसभर हवेत होती.

संध्याकाळी जिन्यात मॅनेजरबाई भेटल्या. त्यांनी राखाडी कोट घातला होता. कोटाला वरपासून खालपर्यंत गडद निळी, चार भोकांची, जाडजूड बटणं.

"कसा दिसतो?" मॅनेजरबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसत विचारलं. "आईंनी लावून दिली. काय हात आहे हो त्यांचा!"

आईचं नाव 'आई' आहे अशी सगळ्या इमारतीची समजूत होती. चिमी भेलकांडत वर गेली. वाटेत तिला एकेक माणूस दिसत गेला. कुणाच्या शर्टाच्या बाहीला निळं बटण, कुणाच्या हातातल्या उशीच्या अभ्र्याला. व्हायोलिनवालीच्या पेटीच्या आच्छादनाला तर निळ्या बटणांची ओळच. अर्थव्यवस्थेचं अख्खं चलन लोकांच्या अंगावर फिरत होतं, आणि ती साठेबाजीची उपसूत्रं मांडत बसली होती.

झालं असं होतं, की व्हायोलिनवालीच्या कोटाचं बटण तुटलेलं आईने बघितलं. आईला तिथली भाषा येत नव्हती, पण तुटक्या बटणाला भाषा लागत नाही. तिने कोट काढून घेतला, डब्यातलं बटण लावलं, कोट परत दिला. बातमी मजल्यामजल्यांवर पसरली. लोक कपडे घेऊन यायला लागले. पुढे पुढे तर सोमवारी चिमीकडून मिळालेली बटणंच घेऊन यायचे, आणि आई त्यांना चहा देऊन समोर बसवायची. चिमी तेव्हा ग्रंथालयात असायची.

"आई!" चिमी दारातूनच ओरडली, "तू माझी अर्थव्यवस्था बुडवलीस!"

"मी? मी तर दोनचार बटणं—"

तेवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. जुळ्यांचे बाबा एका मुलाला छातीशी धरून जिना चढत होते. मूल भोकाड पसरून रडत होतं आणि त्याची एक नाकपुडी निळी दिसत होती.

माणसाच्या नाकी नऊ येतात. या पोराच्या नाकी एकच आलं होतं, पण ते चिमीच्या प्रयोगाचं होतं.

मॅनेजरबाईंनी आपली गाडी काढली. बाबा, मूल, दुसरं मूल, चिमी आणि आई असे सगळे कोंबून दवाखान्यात पोचले. तरुण डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने बटण हळूच बाहेर काढलं. बाहेर आलेली वस्तू बघून मूल क्षणात हसायला लागलं आणि ती परत मागायला लागलं. "हे काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिण्यासाठी विचारलं.

"चलन," चिमी म्हणाली. मग सुधारून म्हणाली, "बटण."

घरी आल्यावर चिमीचा बांध फुटला. "किती वेळा सांगितलं होतं हात लावू नकोस! पोराच्या जिवावर बेतलं असतं. माझं वर्ष गेलं, प्रकरण गेलं, आता मलाही पाठवतील घरी. तुला दोन दिवस स्वस्थ बसवत नाही का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी उठली तेव्हा आईची बॅग पलंगावर उघडी होती आणि आई साड्यांच्या घड्या घालत होती.

"तिकीट अलीकडचं मिळतं का बघ," आई म्हणाली. "मी इथे राहून तुझं नुकसानच करते आहे."

बोलायचं ते सगळं चिमीने कालच वापरून टाकलं होतं. तेवढ्यात दार वाजलं. जुळ्यांचे बाबा. पाठीवर आणि पोटाशी यथास्थित एकेक मूल.

"आईंना सांगा, घाबरू नका म्हणावं. पोरगं ठणठणीत आहे," ते म्हणाले. "चूक माझी. शनिवारसाठी बटणं साठवून वाटीत ठेवली होती, अगदी त्याच्या हाताशी. मला वाटलं, बंड करण्यापेक्षा बचत बरी."

म्हणजे नाकातलं बटण आईने लावलेलं नव्हतंच. ते पाळीसाठी साठवलेलं होतं, चिमीनेच सोमवारी मोजून दिलेलं. तिने वळून आईला ते मराठीत सांगितलं.

"मग!" आई ताठ झाली. "तरी मी काल त्याच्या स्वेटरची बटणं ओढून बघितली. मी लावलेलं बटण निघत नसतं." आणि मग एकदम तिचे डोळे भरून आले. ती बाबांना मराठीतूनच म्हणाली, "बसा. चहा टाकते."

चिमीने बॅगेतली साडी उचलली, परत कपाटात ठेवली, मग दुसरी ठेवली. "आई, माझं चुकलं गं," ती म्हणाली.

"घडी मोडू नकोस," आई म्हणाली. एवढ्यावर ते मिटलं.

पण नीतिसमिती उरली होती. प्रयोगात कुणाला इजा झाली तर ती आपणहून कळवायची असा नियम. न कळवताही भागलं असतं. मूल बरं होतं, बापाची तक्रार नव्हती. चिमीने दुपारी जाऊन कळवलं. समितीने त्याच संध्याकाळी प्रयोग थांबवला, आकडे वापरायला बंदी केली आणि सुनावणीची तारीख दिली. सत्राच्या अखेरच्या आठवड्यातली. मग ती गाईडबाईंना सांगायला गेली.

गाईडबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "साठेबाजीची उपसूत्रं?" त्यांनी विचारलं.

"ती... कोटावर होती," चिमी म्हणाली.

गाईडबाई उठून खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्या वळल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता. "कळवलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "सुनावणीला मी येते. बोलणार तू."

सुनावणीच्या खोलीत टेबलामागे तिघं होते: समितीचे अध्यक्ष असलेले कायद्याचे एक प्राध्यापक, तत्त्वज्ञानाच्या एक बाई, आणि पशुवैद्यक विभागाचे एक गृहस्थ. माणसांच्या समितीत पशुवैद्य कशाला, हे विचारण्याच्या परिस्थितीत चिमी नव्हती. तिने चूक कबूल केली. बटणं लहान मुलांच्या घरात देऊ नयेत हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं सरळ सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली. त्या हलण्यात दयामाया दिसत नव्हती.

आणि दार उघडलं. जुळ्यांचे बाबा मुलांसकट आत आले. मागून व्हायोलिनवाली, तिच्यामागे खालचं बिऱ्हाड, मग निळ्या बटणांच्या कोटात मॅनेजरबाई, आणि सगळ्यांत शेवटी आई. यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आम्ही प्रयोगातली माणसं," बाबा म्हणाले. "आमच्यावर प्रयोग झाला, तर आम्हाला विचारा."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं आणि बसायला सांगितलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. चिमीचा ऊर भरून आला. आणि मग एकेकाने बोलायला सुरुवात केली.

"योजना मूर्खपणाची होती," बाबांनी आरंभ केला, "पण चिमी आमच्याबरोबर दवाखान्यात शेवटपर्यंत बसली."

"योजना अगदीच भिकार," व्हायोलिनवाली म्हणाली, "पण माझा ताप उतरेपर्यंत माझे कपडे हिनेच धुतले. स्वतःची बटणं टाकून. त्याची नोंदही केली, 'अपवाद' म्हणून."

"माझ्या नोकरीत मी इतकी वाईट योजना बघितली नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या, "पण आधी आमच्याकडे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आता निदान भांडतात."

चिमीला कुठे बघावं ते कळेना. आपल्या बाजूने इतकी माणसं बोलताना तिने आयुष्यात ऐकली नव्हती, आणि इतका अपमानही एका बैठकीत झाला नव्हता. तत्त्वज्ञानाच्या बाई तोंडावर रुमाल धरून होत्या.

मग आई उभी राहिली. "मला बोलायचंय," ती मराठीत म्हणाली. "तू सांग त्यांना."

भाषांतर करणारं दुसरं कुणी नव्हतं. आई अध्यक्षांकडे बघून बोलू लागली. "ही लहानपणापासून हट्टी. माझं ऐकत नाही, कुणाचंच ऐकत नाही. पण खोटं बोललेली मला आठवत नाही. आता तुम्हीच बघा, हिने सांगितलं नसतं तर तुम्हाला काय कळणार होतं? आपणहून आली ना? इथे एकटी राहते, आजारी पडली तरी आम्हाला कळवत नाही, आम्हाला काळजी नको म्हणून. तिची शिकायची फार इच्छा आहे हो. तेवढं शिकू द्या."

सगळे चिमीकडे बघत होते.

"आई म्हणते," चिमी म्हणाली, "ती दिलगीर आहे."

अध्यक्षांनी आईकडे बघितलं. "त्या बऱ्याच जास्त बोलल्या असं मला वाटतं."

"सगळं सांग," व्हायोलिनवाली मागून म्हणाली.

मग चिमीने सगळं सांगितलं. हट्टीपासून सुरुवात केली. 'खोटं बोललेली आठवत नाही' इथे आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने, नीट शब्द निवडून, दुसऱ्या भाषेत सांगणं यासारखी शिक्षा नाही. शेवटचं वाक्य सांगताना तिने खाली बघितलं. पशुवैद्य गृहस्थांनी मोठ्याने नाक शिंकरलं.

समितीने निकाल त्याच दिवशी दिला. बटणं कायमची बंद. प्रयोग थांबला त्या दिवसापर्यंतचे आकडे वापरायला परवानगी, कारण सहभागी माणसांची ना नाही, "उलट ती फार उत्साही आहेत" असं निकालपत्रात शब्दशः होतं. यापुढे सगळ्या पाळ्या फळ्यावर खडूने लिहाव्यात.

सत्राच्या शेवटच्या दिवशी चिमी अभ्यास-समितीपुढे उभी राहिली. साठेबाजीची पानं तिने काढून टाकली होती. जे झालं ते तसंच मांडलं. किंमत लावली की भांडण मिटेल असं आपल्याला वाटलं होतं, ते मिटलं नाही, वाढलं. चलन आटलं त्याचं कारण भीती नसून शिवणकाम होतं. आणि ज्या लोकांची ओळख झाली त्यांनी पाळ्या फुकट एकमेकांना देऊन टाकल्या, त्यामुळे अखेरच्या आठवड्यांचे आकडे कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. झोपले असावेत असं चिमीला वाटत होतं, तोच त्यांनी विचारलं, "मग तुझं गृहीतक चुकलं?"

"चुकलं," चिमी म्हणाली.

"बरं झालं. चुकलेलं नीट सांगणारे फार कमी येतात इथे. पुढे चालू ठेव."

गाईडबाईंनी "हं" केलं. हा "हं" चिमीने आधी कधीच ऐकला नव्हता. ती आभार मानायला गेली तेव्हा त्या घाईने कागद गोळा करायला लागल्या. "परवा सकाळी ये. दुसरं प्रकरण सुरू करू. मला तशीही सुट्टी आवडत नाही."

बाहेर बोळात आई बसली होती. शेजारी व्हायोलिनवाली, आणि पलीकडे जुळ्यांचे बाबा, बाबागाडीत दोन्ही मुलं झोपलेली. आत यायची परवानगी नसल्यामुळे हे लोक मघापासून दाराकडे डोळे लावून होते.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"झालं," चिमी म्हणाली. "चालू ठेवायला सांगितलं."

व्हायोलिनवाली इतक्या जोरात ओरडली की दोन्ही मुलं जागी झाली. सगळे मिळून घरी निघाले. या रस्त्याने चिमी तीन वर्षं रोज एकटी येत-जात होती, मान खाली घालून, डोक्यात समीकरणं घोळवत, भरभर. आज बाबागाडीचं चाक अडकलं म्हणून थांबावं लागलं, ते कसं सोडवायचं यावर प्रत्येकाचं मत वेगळं पडलं म्हणून आणखी थांबावं लागलं. नंतर एका मुलाला कबुतर बघायचं होतं. दुसऱ्याने तेच कबुतर पुन्हा बघितलं.

आई चिमीच्या दंडाला धरून चालत होती. "म्हणजे आता तू डॉक्टर झालीस?"

"नाही गं. अजून दोन वर्षं तरी."

"अगंबाई!" आई थबकली. "दोन वर्षं? मला तर पुढच्या महिन्यात जायला हवं."

तिने पुढे चाललेल्या माणसांकडे बघितलं. व्हायोलिनवालीने एक मूल कडेवर घेतलं होतं आणि बाबा तिला मूल कसं धरायचं ते हातवारे करून समजावत होते. दोघं वळून या दोघींची वाट बघत उभे राहिले.

"असू दे," आई म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली. "माणसं आहेत."